सड्यापासून खाजणापर्यंत: शहरातले रान कसे राखावे आणि कसे पुरे करावे

कोकणातल्या किनारी शहरांची ठेवण बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने उतरत जाते. वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळाचे सपाट पठार, सड्याच्या कडेखाली करवंदी, अंजनी, किंजळ आणि ऐन यांचे उतारावरचे रान, त्या रानातून निघणारा वहाळ (ओढा), वहाळाच्या दोन्ही अंगांना आंबा-काजूच्या बागा आणि वस्ती, आणि सर्वांत खाली खाडीलगतचे खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याची सखल जमीन, व कांदळवन. शहर वाढू लागले की यातला एखादा तुकडा नगरपरिषदेच्या ताब्यात येतो, त्यावर ‘वनउद्यान’ अशी पाटी लागते, आणि बाकीचे तुकडे खासगी मालकीत, वादात किंवा कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या अवस्थेत पडून राहतात. पाटी लागलेला तुकडा राखणे हे निम्मेच काम आहे. मधले तुकडे जोडून पाण्याची वाट वरपासून खालपर्यंत अखंड करणे हे उरलेले निम्मे. सड्यावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून मुरतो, कडेखाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि वस्तीतल्या विहिरी भरतो. त्या वाटेत एखादी चिरेखाण निघाली किंवा एखाद्या प्लॉटवर भराव पडला, तर नुकसान त्या प्लॉटपुरते राहत नाही.

पुढे दिलेली रीत शहरातल्या नागरिकांच्या गटासाठी आहे. अशा गटात झाडांची आवड असलेली माणसे आपोआप येतात. पण एखादे निवृत्त तलाठी किंवा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले कर्मचारी मिळाले, तर त्यांना आग्रहाने घ्यावे. पहिल्या वर्षाचे काम बहुतांशी त्यांच्या विषयातले आहे.

आधी कागद, मग रोप

नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या कार्यालयातून मंजूर विकास योजनेचा नकाशा आणि तिच्यासोबतचा अहवाल मिळवावा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्यावा, आणि जिथे नगर भूमापन झालेले आहे तिथे मिळकत पत्रिका घ्याव्यात. त्यानंतर रानाच्या आतल्या आणि लगतच्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा, हिस्सा नंबरासह, सातबारा काढावा. जे सहज मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. अमुक सर्व्हे नंबरवरील आरक्षणाचा क्रमांक, त्याबाबत झालेले ठराव आणि पत्रव्यवहार, असे नेमके मागावे.

हे सगळे एका वहीत एका तक्त्यावर आणावे: नंबर, क्षेत्र, भोगवटादार, इतर हक्कांतील नोंदी, विकास योजनेत दाखवलेला वापर आणि जागेवरची आजची स्थिती. यांपैकी ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत बोलका असतो. कुळाची नोंद, देवस्थानाचा हक्क, बँकेचा बोजा, खाजगी वनाची नोंद, हे सगळे तिथेच सापडते. सिंधुदुर्गात देवस्थानाच्या जमिनींचा प्रश्न आला तर पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचा संबंध आहे का, हे पाहावे लागते, कारण तिच्या अखत्यारीत या जिल्ह्यातली अनेक देवस्थाने येतात. देवराईच्या बाबतीत कागदाइतकेच गावऱ्हाटीला, म्हणजे गावच्या देवकार्याच्या परंपरागत रीतीला, महत्त्व असते. मानकऱ्यांना विचारल्याशिवाय, देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय तिथे पाटीसुद्धा ठोकू नये. परवानगीचा कागद हातात असूनही काम अडते, आणि अडवणाऱ्यांचे त्यात फारसे चुकत नाही.

तक्ता झाला की हद्द चालून पाहावी. पावसाळा संपून गवत वाळले की कार्तिक-मार्गशीर्षात हे काम बरे होते. हद्दीचा दगड बहुधा करवंदीच्या जाळीत बुडालेला असतो. जाळी कोयत्याने बाजूला करावी, दगडाभोवतीची माती हाताने सारावी, तो पक्का रोवलेला आहे की कुणीतरी उचलून पुन्हा टेकवलेला आहे हे हलवून न पाहता त्याच्या बुडाशी वाढलेल्या शेवाळावरून आणि मुळांवरून ओळखावे, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. दगड आपण स्वतः कधीही हलवू नये किंवा नवा रोवू नये. शंका असेल तर नगरपरिषदेने शासकीय मोजणीचा अर्ज करावा, लगतच्या धारकांना नोटिसा जाव्यात आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा, नगरपरिषदेच्या दप्तरात यावी. ‘क’ प्रत हातात नसताना घातलेला गडगा (दगडी कुंपण) पुढे आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो.

कोणत्या पट्ट्याला कोणते संरक्षण

खालच्या पट्ट्याचे काम तुलनेने सोपे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी राज्यातल्या कांदळवनाच्या तोडीवर बंदी घालताना सभोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले आणि शासकीय जमिनीवरचे कांदळवन वन खात्याकडे सोपवण्यास सांगितले. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतही कांदळवन सर्वांत कडक वर्गात मोडते. म्हणून खाजणात भराव पडताना दिसला, तर तहसीलदार आणि वन खात्याचा कांदळवन कक्ष या दोघांनाही लेखी कळवावे. भरावाआधी बांध फोडून किंवा बुजवून भरतीचे पाणी तोडण्याचा प्रकार होतो. झाडे उभीच असतात, पण ती मरायला लागतात. तक्रारीत या बांधाचा उल्लेख हवा.

उताराच्या रानाबाबत दोन कायदे पाहावेत. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि त्याखालच्या नोंदी कोकणात पुष्कळ सातबारांवर आहेत. मात्र केवळ राजपत्रात नोटीस छापली गेली एवढ्याने जमीन वन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले आहे. तेव्हा नोटीस बजावली गेली का आणि ताबा घेतल्याचा कागद आहे का, हे तपासल्याशिवाय त्या नोंदीवर विसंबू नये. दुसरा कायदा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा आहे. त्याखाली शहरात वृक्ष प्राधिकरण असते, झाडांची गणना करायची असते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. आपल्या रानातल्या जुन्या झाडांची यादी घेराच्या मापासह करून प्राधिकरणाकडे द्यावी.

सड्याचे मात्र कठीण आहे. झाडे नाहीत म्हणून वृक्ष कायदा लागू होत नाही, पीक नाही म्हणून सातबारावर तो पोटखराब (लागवडीला अयोग्य) म्हणून पडलेला असतो, आणि कार्यालयात ‘पडीक’ हा एकच शब्द त्याच्यासाठी वापरला जातो. वास्तविक जून उजाडला की याच कातळावर पांढरी दीपकाडी उमलते, जी कोकणपट्टीबाहेर आढळत नाही. तिच्यामागून गेंद आणि सीतेची आसवे येतात, डबक्यांत बेडकांची अंडी दिसतात, आणि टिटवी उघड्या दगडावरच घरटे करते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कित्येक सड्यांवर कातळशिल्पेही आहेत. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी ही नावे आता पर्यटकांनाही ठाऊक झाली आहेत, आणि कोकणातली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत आहेत. आपल्या सड्यावर एखादी कोरीव रेघ जरी दिसली, तरी राज्य पुरातत्त्व खात्याला कळवावे आणि तोवर तिच्यावर खडू, चुना किंवा रंग फिरवू नये.

सड्यासाठी दुसरा मार्ग जैवविविधता अधिनियम, २००२ चा आहे. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. अनेक ठिकाणी ही वही एखाद्या कपाटात असते आणि तिच्यात दुसऱ्याच तालुक्यातली झाडे असतात. ती मागून घ्यावी, वाचावी आणि सड्याचे प्रकरण नव्याने लिहून द्यावे. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली एखाद्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ घोषित करता येते. जळगावची लांडोरखोरी आणि पुण्याची गणेशखिंड ही शहरांतली स्थळे आहेत, आणि दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथील मायरिस्टिका (रानजायफळाच्या झाडांची) दलदल हे कोकणातले उदाहरण आहे.

आरक्षणाचे घड्याळ

विकास योजनेत जमिनीवर उद्यान, हरित पट्टा किंवा निसर्ग राखीव म्हणून आरक्षण टाकता येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये याची सोय आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. शहराची योजना सुधारित होत असेल, तर हे ३० दिवस गटाच्या कामातले सर्वांत मोलाचे समजावेत, कारण एकदा मंजूर झालेल्या योजनेत याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करणे शक्य असले तरी ते लांबलचक काम आहे. हरकत लिहिताना ‘निसर्ग वाचवा’ असे लिहून उपयोग नसतो. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आजचा वापर, सुचवलेले आरक्षण आणि त्याचे कारण, शक्यतो खालच्या विहिरींच्या यादीसह, असे लिहावे. सुनावणीला दोघांनी जावे आणि काय बोलले गेले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

आरक्षण पडले म्हणजे जमीन मिळाली असे मात्र नाही. कलम १२७ नुसार अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन संपादित करा अशी नोटीस, बजावू शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पाऊल म्हणजे नुसता ठराव किंवा वरिष्ठांकडे पाठवलेला प्रस्ताव नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले आहे. पुष्कळ उद्याने याच फटीतून निसटतात. सूचना आलेली असते, ती आवक बारनिशीत नोंदलेली असते, मुख्याधिकारी बदलून गेलेले असतात, आणि दोन वर्षे उलटून जातात. म्हणून आपल्या तक्त्यात आणखी एक रकाना घालावा, त्यात प्रत्येक आरक्षणाची दहा वर्षे कधी भरतात ती तारीख लिहावी, आणि दर सहा महिन्यांनी खरेदी सूचना आली आहे का, हे लेखी विचारावे.

मधला तुकडा कोणता आधी घ्यावा

स्वस्त किंवा मोठा तुकडा आधी घेण्याचा मोह होतो. माझ्या मते क्रम वेगळा असावा. सर्वांत आधी वहाळाच्या काठची अरुंद पट्टी, जी वरचे रान आणि खालचे खाजण जोडते. ती काही गुंठ्यांचीच असली तरी हरकत नाही. त्यानंतर रानाच्या मधोमध अडकलेला खासगी हिस्सा, कारण त्याला वाट मागितली जाईल आणि वाटेमागून जेसीबी येईल. त्यानंतर रस्त्याला लागलेला कोपरा. सलग मोठा उतार शेवटी घेतला तरी चालतो, कारण तिथे बांधकाम करणे महाग पडते आणि तो काही वर्षे स्वतःच स्वतःला सांभाळतो.

सर्व तुकडे विकतच घ्यायला हवेत असेही नाही. बागाईतदाराची आंबा-काजूची कलमे त्याच्याकडेच राहू द्यावीत आणि वहाळाकडची पट्टी तेवढी नोंदणीकृत भाडेपट्ट्याने नगरपरिषदेकडे यावी. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. कुणी बक्षीसपत्राने जमीन देत असेल, तर ती थेट नगरपरिषदेच्या नावे व्हावी आणि पत्रातच ‘वनउद्यानाखेरीज अन्य वापर नाही’ ही अट यावी. नागरिकांच्या संस्थेने स्वतः शेतजमीन घ्यायची म्हटले, तर कूळकायद्याचे कलम ६३ आड येऊ शकते. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क), कागदावर चांगला आहे. पण लहान शहरात त्याला गिऱ्हाईक कमी, तेव्हा मालकाला ते गाजर दाखवण्याआधी बाजार पाहावा.

खरी अडचण किमतीची नसून सह्यांची असते. एका सातबारावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली काही वारलेल्यांची, बाकीची मुंबई-ठाण्याला. पत्रे पाठवून हे होत नाही. सगळे हिस्सेदार एका छपराखाली येतात ते गणपतीत आणि शिमग्याला, म्हणून कागद त्याआधी तयार ठेवावेत आणि आरती झाल्यावर, जेवणाच्या आधी, घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावे. ‘तात्या, बाग तुमचीच राहते, वहाळाकडची पाच गुंठे तेवढी द्या,’ असे म्हटले की उत्तर बहुतेक ठरलेले असते: ‘माका कायएक नको रे, पण आधी बोरिवलीच्या भावाक इचार.’ त्या बोरिवलीच्या भावाला तिथेच, त्याच पडवीत विचारावे. वारस नोंद राहिली असेल, तर तिचा अर्ज भरून देण्याचे काम गटाने अंगावर घ्यावे. ते घराला हवेच असते आणि त्यातून विश्वास बसतो. लोभाने नकार देणारे हिस्सेदार कमी असतात; दुसऱ्या भावाने आपल्याला न विचारता सही केली, या रागाने अडणारे जास्त.

पैशासाठी केंद्राची नगर वन योजना २०२० पासून आहे, जिचा नमुना पुण्याच्या वारजे येथील वनउद्यान मानले गेले. तिच्यात नगर वनासाठी १० ते ५० हेक्टर क्षेत्र लागते. शहराच्या हातातला तुकडा लहान असेल तर जोडलेल्या तुकड्यांची बेरीजच तिथे उपयोगी पडते. अशा योजनांचा कल लागवडीकडे असतो, त्यामुळे प्रस्तावात सड्याचे क्षेत्र ‘लागवड नाही, केवळ संरक्षण’ असे आधीच वेगळे दाखवावे.

जागेवरचे काम

सड्यावर खड्डे मारू नयेत. पावसाळ्याच्या तोंडावर ब्रेकर लावून कातळ फोडायचा, त्यात बाहेरची माती भरायची आणि रोपासोबत फोटो काढायचा, हा प्रकार दरवर्षी होतो. त्यातली बहुतेक रोपे चैत्रात मरतात, पण फोडलेला कातळ आणि मातीबरोबर आलेले तण कायमचे राहतात. लागवडीची हौस असलेल्यांना उताराच्या उघड्या पडलेल्या जागा, वहाळाचा काठ आणि जुन्या खाणींचे खड्डे द्यावेत. तिथेही आधी खुंट पाहावेत. ऐन, किंजळ, कुंभा यांच्या तोडलेल्या खुंटांना धुमारे फुटतात. त्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढले आणि गुरांची चराई व टाळतोड (फांद्या तोडणे) काही वर्षे थांबवली, तर विकत आणलेल्या रोपापेक्षा ते झाड लवकर उभे राहते. जांभूळ आणि रातांबा यांच्या बिया वाळवून ठेवता येत नाहीत. फळ खाल्ले की त्याच आठवड्यात रुजत घालाव्यात.

घाणेरी वरवर छाटली तर दुप्पट फुटते. टिकावाने बुंध्याशी माती उकरावी, जिथून फांद्या फुटतात त्या गड्ड्याच्या दोन-तीन बोटे खाली मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उलटे करून, मुळे वर ठेवून, तिथेच सुकू द्यावे. माती मऊ असते म्हणून हे श्रावण-भाद्रपदात करावे. फळ धरलेल्या फांद्या मात्र ओढत नेऊ नयेत. रानमोडी हाताने मुळासकट उपटते, पण ती डिसेंबरात फुलायच्या आधी. काढलेली जागा उघडी ठेवली, तर पुढच्या पावसात तिथे पुन्हा तेच उगवते, तेव्हा जवळच्याच गवताचे बी लगेच फेकावे. ऑस्ट्रेलियन बाभूळ परकी असली तरी शहराच्या हद्दीत ती परवानगीशिवाय तोडू नये, आणि सगळी एकदम तर नाहीच. तिच्या सावलीत देशी रोपटी वर आली असतील, तर त्यांच्यापुरती जागा मोकळी करीत जावे.

वणवा ही उताराची मोठी भीती. काजूच्या बागेतला पाला जाळताना तो पसरतो, शिवाय नवे गवत फुटावे म्हणूनही लावला जातो. गवत पुरते वाळण्याआधी, डिसेंबरात, हद्दीने दोन-तीन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, कापावी आणि शेजारच्या बागाईतदारांना पाला कधी जाळणार ते विचारून त्या दिवशी दोन माणसे ओल्या डहाळ्या आणि पाण्याचे पंप घेऊन उभी ठेवावीत. ‘जाळू नका’ असे सांगून लोक जाळायचे थांबत नाहीत. सकाळी लवकर, वारा सुटण्याआधी जाळा, असे सांगितले तर ऐकतात.

बांधकाम जितके कमी तितके बरे. उतारावर पेव्हर ब्लॉकची वाट करू नये. तिथे जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी करावी, म्हणजे पाणी चिऱ्यांमधून जाते आणि ती दुरुस्त करणारा गवंडी गावातच मिळतो. कुंपण म्हणून सुक्या दगडांचा गडगा पुरतो आणि त्याच्या फटींत सरडे, विंचू, मुंगूस यांना जागा राहते. सड्यावर वाट दाखवायची असेल तर कडेला मोकळे दगड ठेवावेत, कातळावर रंग मारू नये. रात्रीचे दिवे फाटकापाशी थांबावेत. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंदी जरूर कराव्यात, पण खवले मांजर आणि दुर्मीळ कंद यांची नेमकी जागा उघड करू नये.

वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दसऱ्यानंतर, हद्दीच्या ठरलेल्या जागांवरून त्याच कोनातून फोटो घ्यावेत. राडारोड्याची पहिली खेप जिथे पडते तिथे आठवडाभरात दुसरी पडते, म्हणून ती दिसल्याच्या दिवशीच ट्रकचा नंबर, वेळ, सर्व्हे नंबर आणि फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्यावा, जागेचा पंचनामा करण्याची मागणी त्यातच लिहावी, प्रत तहसीलदारांना द्यावी, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.